आदिवासी मुलाचे दाखले: कोणता आधी, कोणता नंतर

बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी जमातीचा दाखला किंवा वैधता (तो दाखला खरा असल्याचे तपासणी समितीचे प्रमाणपत्र) अडकली की घरचे त्या वर्षीच्या कागदांत चूक शोधतात. चूक पुष्कळदा सतरा वर्षांपूर्वीची असते. बाळ वीटभट्टीवर जन्मले आणि नोंद राहून गेली. आधार केंद्रावर अंदाजे तारीख सांगितली गेली. पहिलीत घालताना जातीच्या रकान्यात नुसते ‘आदिवासी’ लिहिले गेले. पुढचा प्रत्येक कागद मागच्यावरून उतरवला जातो आणि चूकही बरोबर उतरत जाते. म्हणून क्रम असा धरा: जन्मनोंद, आधार, शाळा, जमातीचा दाखला, वैधता.

हा लेख महाराष्ट्रातल्या आदिवासी कुटुंबांसाठी आहे, आणि त्यांच्यासोबत कचेरीत जाणाऱ्या शिक्षक, आशा, अंगणवाडी सेविका व कार्यकर्त्यांसाठीही.

तयारी: एक वही, एकच नाव

कोणताही अर्ज भरण्याआधी घरातल्या सगळ्यांचे असतील तेवढे कागद एका जागी काढा. वहीत प्रत्येकाचे एक पान करा आणि त्याचे नाव कोणत्या कागदावर कसे आहे ते अक्षर न बदलता उतरवा. बापाचे नाव रेशनकार्डावर ‘काळू’, आधारवर ‘काळूराम’ आणि मतदार ओळखपत्रावर ‘काळ्या’ असे सापडेल. इंग्रजी स्पेलिंगही उतरवा, कारण ऑनलाइन अर्ज पुष्कळदा तिथेच अडतो. मग एक नाव ठरवा आणि मुलाच्या प्रत्येक कागदावर बापाचे व आईचे तेच नाव घाला. बापाचे जुने कागद दुरुस्त करायला वेळ लागला तरी चालेल, मुलाच्या नव्या कागदात दोन नावे येता कामा नयेत.

त्याच वहीत जमातीचे नाव शासनाच्या यादीत जसे आहे तसे लिहून ठेवा. महाराष्ट्राच्या यादीत ४५ जमाती आहेत आणि एकेका नोंदीत अनेक नावे आहेत. कातकरी, काथोडी, ढोर कातकरी, सोन कातकरी ही एकाच नोंदीतली नावे. ठाकूर, ठाकर, का ठाकूर, मा ठाकूर यांचेही तसेच. सगळ्यांत जास्त नुकसान कोळी नावाने होते. कोळी महादेव, कोळी मल्हार, टोकरे कोळी, ढोर कोळी या अनुसूचित जमाती आहेत, पण नुसते ‘कोळी’ लिहिले की तो वेगळा प्रवर्ग होतो.

तपासा: ‘आदिवासी’, ‘हिंदू’, ‘एसटी’, ‘वनवासी’ यांपैकी एकही जमातीचे नाव नाही. जातीच्या रकान्यात यांतले काहीही असेल तर तो रकाना कोराच आहे असे समजा.

टप्पा १: जन्मनोंद, जिथे जन्म झाला तिथेच

सर्वाधिक चुका इथे होतात, आणि त्यांची कारणे कुटुंबाच्या रोजगारात आहेत. दिवाळीनंतर घर बंद करून माणसे वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बाळ तिकडे जन्मते. जूनमध्ये आई-बाप आपल्या गावच्या ग्रामसेवकाकडे जातात आणि तो नोंद नाकारतो. नियमाने त्याचे बरोबर असते, कारण जन्माची नोंद जन्म झाला त्या हद्दीतच होते, मूळ गावी होत नाही.

१. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. तरी घरी निघण्यापूर्वी माहितीच्या फॉर्मवर आई-बापाची नावे कशी लिहिली आहेत ते मागून वाचा. परिचारिका ऐकू आले तसे लिहिते. दुरुस्ती त्याच टेबलावर दोन मिनिटांत होते, पुढे तिलाच दोन महिने लागतात.

२. बाळंतपण घरी, पाड्यावर किंवा भट्टीवर झाले असेल तर २१ दिवसांच्या आत तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत माहिती द्या. कुटुंबप्रमुखाने किंवा हजर असलेल्या जवळच्या मोठ्या नातेवाइकाने जायचे. आशा किंवा अंगणवाडी सेविका सोबत असेल आणि माता व बाल संरक्षण कार्डावर बाळंतपणाची तारीख चढली असेल तर काम लवकर होते.

३. नोंदीनंतरची पहिली प्रत माहिती देणाऱ्याला मोफत मिळते. ती हातात पडेपर्यंत काम झाले असे धरू नका. मुकादमाच्या ‘मी बघतो’ यावर विसंबून गाव गाठलेल्या कुटुंबांना पुढच्या हंगामापर्यंत काही करता येत नाही.

मुदत चुकली तर वाट कशी बदलते ते पाहा. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवस ते एक वर्ष या काळात ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एका वर्षानंतर जिल्हाधिकारी, प्रांत (म्हणजे उपविभागीय अधिकारी) किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. अशा जुन्या नोंदींची पडताळणी २०२५ पासून राज्यात बरीच कडक झाली आहे. त्यामुळे वर्ष उलटलेले असेल तर आधी जन्मठिकाणच्या निबंधकाकडून ‘नोंद आढळत नाही’ असा लेखी दाखला घ्या. त्याला माता व बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाची नोंद, अंगणवाडीच्या सर्वेक्षण वहीचा उतारा आणि शाळेत असेल तर बोनाफाइड जोडा, मगच अर्ज करा. अर्ज कोणाच्या नावे करायचा हे तहसीलमध्ये विचारून घ्या, कारण चुकीच्या अधिकाऱ्याने दिलेला आदेश पुढे रद्द होऊ शकतो.

सावधान: जन्म भट्टीवर झाला असताना सोपे पडते म्हणून ‘गावी घरीच झाला’ असे लिहून देऊ नका. लसीकरणाच्या नोंदीत भट्टीजवळचे उपकेंद्र दिसते. तिथे मेळ बसला नाही की सगळी नोंद संशयात येते.

४. नाव चढवा. पुष्कळ नोंदींत बाळाच्या नावाची जागा रिकामी राहते, कारण बारसे नंतर होते. नोंदीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क चढते. त्यानंतर नोंदीला १५ वर्षे होईपर्यंत विलंब शुल्क भरून चढवता येते. नाव नसलेला दाखला घेऊन आधारला जाऊ नका.

१ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा व जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. शाळाप्रवेश, मतदार यादी, लग्ननोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्याला हा नियम लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना इतर कागद चालत आले, आता जन्मणाऱ्यांना ती सोय नाही.

टप्पा २: आधार

जन्मदाखला हातात आल्यावरच. पाच वर्षांखालील मुलाचे आधार ठसे न घेता, आई किंवा बापाच्या आधारशी जोडून निघते. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे व डोळ्यांची नोंद द्यावी लागते. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात ती मोफत होते. राहून गेली तर ऐन परीक्षेच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी आधार चालेनासे होते.

कागदाविना सांगितलेली जन्मतारीख पुष्कळदा १ जानेवारी म्हणून चढते. शिबिरात आधार निघालेल्या एखाद्या पाड्यावरच्या अर्ध्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी दिसतो तो यामुळे. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, नाव दोनदा. ही संधी जन्मदाखला हातात असल्याशिवाय खर्च करू नका.

तपासा: केंद्रावरची पोचपावती छापली की तिथेच उभे राहून मराठी व इंग्रजी नाव, तारीख आणि बापाचे नाव वहीशी ताडून पाहा. वाचता येत नसेल तर वाचणारे कोणीतरी सोबत न्या.

टप्पा ३: शाळेची पहिली नोंद

पहिलीच्या प्रवेशाला मुख्याध्यापक जनरल रजिस्टर उघडतात आणि एका ओळीत नाव, आईचे नाव, धर्म, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख आकड्यांत व अक्षरांत लिहितात. ही ओळ जन्मभर पुरते. पुढे शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, जमातीचा दाखला सगळे हीच ओळ वाचतात. म्हणून पालकाने त्या दिवशी जन्मदाखला आणि बापाचा किंवा काकाचा जमातीचा दाखला घेऊन स्वतः शाळेत जावे, आणि जातीच्या रकान्यात यादीतले पूर्ण नाव लिहिलेले डोळ्यांनी पाहावे. शिक्षकांनाही विनंती आहे: ‘का.’, ‘म. कोळी’, ‘ठा.’ असे तोडून लिहू नका. चाळीस वर्षांनी कोणी नातू तो उतारा घेऊन समितीपुढे उभा राहणार आहे.

चूक सापडली तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे पुराव्यासह अर्ज द्या, ते शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन दुरुस्ती करतात. दहावीचा दाखला निघाल्यावर हीच दुरुस्ती फार अवघड होते.

कागद नाहीत म्हणून प्रवेश नाकारणे मात्र कायद्यात बसत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नसला तरी मुलाला प्रवेश द्यावाच लागतो. कलम ५ प्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला हेही नकाराचे कारण होत नाही. कलम ४ प्रमाणे कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार वर्गात बसवून वेगळे शिकवावे लागते. कुटुंब हंगामाला निघताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत मूल बसू शकते आणि परतल्यावर त्याचे वर्ष वाया जात नाही.

टप्पा ४: जमातीचा दाखला

४.१ अर्ज कुठे करायचा

६ सप्टेंबर १९५० रोजी अनुसूचित जमातींची यादी लागू झाली. त्या दिवशी तुमचे पूर्वज जिथे कायम राहत होते, त्या भागाच्या प्रांताकडे अर्ज जातो. आज कुटुंब वसईत राहत असेल आणि आजोबा मोखाड्याचे असतील, तर अर्ज जव्हारच्या प्रांताकडे करायचा. जवळच्या सेतू केंद्रातून सध्याच्या पत्त्यावर अर्ज ढकलून देणे ही नेहमीची चूक. तो तीन-चार महिने पडून राहतो आणि मग ‘अधिकारक्षेत्र नाही’ असा शेरा मारून परत येतो. १९५० नंतर दुसऱ्या राज्यातून आलेल्या कुटुंबाने दाखला त्या मूळ राज्यातून काढायचा असतो.

४.२ जुना कागद शोधणे

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. लागतो तो वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला कागद: वडील, आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा, काका, आत्या. सून म्हणून आलेल्या बाईला तिच्या माहेरचेच कागद लागतात, लग्नाने जमात बदलत नाही. वडील बिगरआदिवासी असतील आणि मूल आदिवासी आईकडेच, तिच्याच समाजात वाढले असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या रमेशभाई नाईका निकालाप्रमाणे ते पुराव्याने सिद्ध करता येते. तो अर्ज वकिलाच्या सल्ल्याने करा.

कागद पुढील ठिकाणी मिळतात:

– जुन्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. आजोबा शाळेत गेले नसतील तरी त्यांचा एखादा भाऊ किंवा चुलत भाऊ दोन वर्षे गेलेला असतो. विदर्भात याला दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात.

– गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. विदर्भात कोटवार पंजी. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज देऊन नक्कल मिळते.

– जमीन असेल तर जुने फेरफार, क.ड.ई. पत्रक, विदर्भात १९५४-५५ चे अधिकार अभिलेख. सातबाऱ्यावर इतर हक्कांत ‘आदिवासी खातेदार’ किंवा ‘कलम ३६ व ३६ अ’ असा शेरा असेल तर तो आधाराला जोडा.

अभिलेख कक्षात ‘आमच्या आजोबांचे काही आहे का’ असे विचारू नका. अर्जात गाव, तालुका, पूर्वजाचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि वर्षे, उदाहरणार्थ १९२५ ते १९५०, स्पष्ट लिहा. त्या काळच्या नोंदीत आडनाव क्वचितच असते. ‘धावजी वलद काळू’ किंवा ‘धावजी बिन काळू’ असे सापडेल. वलद आणि बिन म्हणजे ‘चा मुलगा’, कोम म्हणजे ‘ची बायको’. आडनाव शोधत बसलेला माणूस आपल्याच पणजोबाची ओळ ओलांडून पुढे जातो. नोंद मोडीत असेल तर अधिकृत मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या. मराठवाड्यात जुन्या निजामी नोंदी उर्दूत असू शकतात.

जुना कागद हाती आला की मूळ वंशावळ काढा: ज्याच्या नावाचा कागद आहे तो पूर्वज, त्याची मुले, नातवंडे, अर्जदारापर्यंत. प्रत्येक पायरीला निदान एक कागद लागतो. १९४२ चा उत्तम उतारा आहे, पण तो माणूस अर्जदाराचा पणजोबा आहे हे दाखवणारे काहीच नाही, अशाने पुष्कळ अर्ज त्रुटीत जातात.

सावधान: जुन्या उताऱ्यावर खाडाखोड, वेगळी शाई किंवा नंतर घुसवलेला शब्द दिसला तर तो कागद लावू नका. पडताळणी पथक मूळ रजिस्टर मागवून पाहते. एक बनावट नोंद निघाली तर खरे असलेले सगळे कागदही कोणी ऐकत नाही, शिवाय गुन्हा दाखल होतो.

४.३ अर्ज भरणे

अर्ज ‘आपले सरकार’ वर किंवा सेतू केंद्रातून होतो. सोबत मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, वडिलांचा शाळेचा व असल्यास जमातीचा दाखला, जुना कागद, वंशावळ, रहिवासाचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र द्या. प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही. अनुसूचित जमातीला नॉन-क्रीमिलेअर दाखलाही लागत नाही. या दोन गोष्टींसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. अर्ज क्रमांक असलेली पावती घ्या आणि वहीत चिकटवा.

४.४ एकही जुना कागद नसेल तर

कातकरी, कोलाम, माडिया गोंड या राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित जमातींत ही परिस्थिती रोजची आहे. जमीन नव्हती, शाळा नव्हती, घर दुसऱ्याच्या जागेत. कागद नाही हा त्या कुटुंबाचा दोष नाही आणि दाखला नाकारण्याचे ते शेवटचे कारणही होऊ शकत नाही. अर्जात स्पष्ट लिहा की १९५० पूर्वीचा पुरावा उपलब्ध नाही, तरी स्थानिक चौकशी करून दाखला द्यावा. शाळा व अभिलेख कक्षाचे ‘नोंद आढळत नाही’ हे लेखी उत्तर जोडा. तलाठी किंवा मंडळ अधिकारी वाडीत येतील तेव्हा दाखला मिळालेले भाऊबंद आणि दोन-तीन वयस्क माणसे हजर ठेवा, आणि सर्वांचे जबाब लिहून घेतले का ते पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेतून या जमातींच्या वस्त्यांवर आधार व जातीच्या दाखल्यांची शिबिरे लागतात. चौकशी दिवाळीआधी उरकून घ्या. डिसेंबरात अधिकारी आला तर वाडीला कुलूप असते, आणि अहवालात ‘अर्जदार राहत नाही’ असे जाते.

टप्पा ५: वैधता

दाखला प्रांत देतो, तो खरा की खोटा हे अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती ठरवते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेला वैधता लागतेच. अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा. बारावीच्या निकालानंतर पळापळ करून प्रवेशाच्या मुदतीत वैधता मिळेल असे धरून चालू नका.

वडिलांकडच्या सख्ख्या नात्यात कोणाला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत, नाते दाखवणारे कागद आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र सर्वांत वर ठेवा. नात्यात कोणाचा दावा फेटाळला गेला असेल तर तोही सांगा. लपवलेला नकार पथकाला सापडतोच आणि मिळालेली वैधता त्यावरून रद्द होऊ शकते.

कागदांनी समितीचे समाधान झाले नाही तर दक्षता पथक घरी येते. रूढी, देवदेवता, लग्नविधी, बोलीतले शब्द विचारते. शहरात वाढलेल्या मुलाला यातले सगळे येणार नाही. पाठ करून सांगायला लावू नका, ज्यांना ठाऊक आहे त्या आजी-आजोबांना बोलू द्या. महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले की ही आप्तभाव चाचणी म्हणजे निर्णायक कसोटी नव्हे, आणि १९५० पूर्वीच्या कागदांना मोठे वजन आहे. पथकाचा अहवाल विरोधात गेला तर त्याची प्रत मागा आणि दिलेल्या मुदतीत मुद्देसूद लेखी खुलासा द्या. नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन मुदत संपते, म्हणून पत्ता किंवा मोबाइल बदलला की समितीला लगेच कळवा.

अडले तर कुठे जायचे

तोंडी ‘नाही’ घेऊन परत येऊ नका. लेखी शेरा किंवा आदेश मागा, कारण पुढची प्रत्येक वाट त्या कागदापासून सुरू होते. मुदतीत काहीच निर्णय नाही झाला तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली पहिले अपील ३० दिवसांत करा. प्रांताने दाखला नाकारला तर जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ५ खाली, आदेश हाती आल्यापासून ३० दिवसांत अपील करा. आदेश ज्या दिवशी मिळाला ती तारीख त्याच कागदावर सही करून टाका. समितीने वैधता नाकारली तर मात्र पुढे थेट उच्च न्यायालय.

वकिलाच्या खर्चाची भीती वाटून कुटुंबे इथे थांबतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे, उच्च न्यायालयाचे काम असेल तर तिथल्या विधी सेवा समितीकडे अर्ज द्या. जाताना नकाराचा आदेश, अर्जाची पावती, जुना उतारा आणि ती वही सोबत न्या.